जाहिरात ते निकाल: मधली वर्षं कशी काढायची

यवतमाळकडे लग्नात पदवी झालेला पोरगा दिसला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मंग, काय करून राह्यला सध्या?" उत्तरही ठरलेलं. "भरतीचा अभ्यास करून राह्यलो." त्यापुढे कुणी फारसं विचारत नाही, पण 'किती वर्षं झाली?' हे विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर दिसतं आणि उत्तर देणाऱ्यालाही ते कळतं.

सोळा तालुक्यांचा हा जिल्हा. बहुतेक घरं कापूस, सोयाबीन, तुरीवर चालतात. वणीकडे कोळशाच्या खाणी आहेत, यवतमाळला लागून लोहाऱ्याच्या एमआयडीसीत काही कारखाने आहेत. आर्णीच्या किंवा पांढरकवड्याच्या पदवीधराला कंपनीत लागायचं तर नागपूर नाही तर पुणं गाठावं लागतं. आईबापाजवळ राहून महिन्याच्या महिन्याला पगार हवा असेल तर उरते सरकारी भरती. त्यामुळे इथे नोकरी शोधणं म्हणजे जागा निघण्याची वाट पाहणं, मग अर्ज, परीक्षा, आन्सर की, निकाल, कागदपत्र पडताळणी आणि नशीब अर्धं असेल तर वेटिंग. यात दोन-तीन वर्षं सहज जातात. पाच-सहा गेलेलेही गावोगावी आहेत.

या वर्षांत मन टिकवायचं कसं? 'पॉझिटिव्ह राहा' सांगणारे व्याख्याते ढिगाने मिळतात. मला तो सल्ला अर्धवट वाटतो. आजपासून आनंदी राहायचं असं ठरवून कुणी आनंदी राहत नाही. सकाळी किती वाजता कुठे जायचं, निकालाच्या दिवशी काय करायचं, कोणत्या वर्षी थांबायचं, हे मात्र ठरवता येतं, आणि मन बरंचसं त्यावरच टिकतं.

आधी आकडे वाचा

२०२३ च्या तलाठी भरतीत राज्यभरात ४,६४४ जागा होत्या. अर्ज आले १० लाख ४१ हजारांच्या आसपास, म्हणजे एका जागेमागे सव्वादोनशे. २०२४ मध्ये मैदानी चाचण्या झालेल्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी साडेसतरा लाखांहून जास्त अर्ज होते, एका जागेमागे शंभर.

हे वाचून हबकून जायचं कारण नाही. अर्ज भरणारा प्रत्येक जण स्पर्धेत नसतो. तलाठीच्या परीक्षेला दीड लाखाहून अधिक अर्जदार फिरकलेच नाहीत. पण हा हिशेब डोक्यात पक्का असावा तो वेगळ्याच कारणासाठी. मनापासून अभ्यास केलेल्यांतही निवड न होणारेच जास्त असणार, हे त्या आकड्यातच लिहिलेलं आहे. यादीत नाव नसणं ही अशा परीक्षेतली नेहमीची गोष्ट आहे. तिच्यावरून माणूस नालायक ठरवायचा तर राज्यातले दहा लाख नालायक ठरवावे लागतील.

उशीर कुणामुळे झाला?

लांबलेल्या शोधात सगळ्यात वाईट सवय लागते ती प्रत्येक गोष्ट स्वतःच्या माथी मारण्याची. म्हणून गेल्या काही वर्षांत काय काय झालं ते आठवून पाहावं. भरतीच्या ऑनलाइन परीक्षा घेणाऱ्या महापरीक्षा पोर्टलविरुद्ध तक्रारींचा पाऊस पडल्यावर सरकारने २०२० मध्ये ते बंद केलं. २०२१ मध्ये आरोग्य विभागाच्या गट क आणि गट ड भरतीचे पेपर फुटले. त्याच डिसेंबरात म्हाडाची परीक्षा आदल्या रात्री पुढे ढकलली गेली, तेव्हा कित्येक पोरं परीक्षेच्या गावी पोहोचलेली होती. तलाठी परीक्षेत नॉर्मलायझेशननंतर (वेगवेगळ्या पाळ्यांचे गुण एका मापात आणल्यावर) २०० पैकी २१४ गुण दिसले आणि राज्यभर गोंधळ झाला.

यवतमाळच्या वाट्याला त्यातही वेगळं आलं. केळापूर, झरी जामणी, मारेगाव, घाटंजी, राळेगाव या भागांतली बरीच गावं पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासीबहुल अनुसूचित भागात, येतात. पेसातल्या पदांचा वाद सर्वोच्च न्यायालयात होता. जानेवारी २०२४ मध्ये तलाठ्यांची निवडयादी २३ जिल्ह्यांसाठी लागली आणि पेसा क्षेत्र असलेले १३ जिल्हे मागे राहिले. त्या तेरांत यवतमाळ होता. शेजारच्या वाशीम, वर्ध्याच्या पोरांना आपलं काय झालं ते कळलं आणि इथल्यांना कळलं नाही, यात इथल्या कुणाचा अभ्यास कमी पडला नव्हता.

यावर एक साधा उपाय आहे. वहीच्या पानावर तीन रकाने आखा: माझं, स्पर्धेचं, यंत्रणेचं. प्रत्येक निकालानंतर पान भरा. गणितात पंचवीसपैकी बाराच बरोबर आले, हे पहिल्या रकान्यात. कटऑफ मागच्या वेळेपेक्षा चार गुणांनी चढला, हे दुसऱ्यात. परीक्षाच सात महिने पुढे गेली, हे तिसऱ्यात. पुढच्या महिन्याचा अभ्यास फक्त पहिल्या रकान्यावर ठरवायचा. इथे उलटी लबाडीही शक्य आहे. सगळंच तिसऱ्या रकान्यात टाकणारे असतात. चहाच्या टपरीवर त्यांचं भाषण छान रंगतं, आणि गणित मात्र बारावरच राहतं.

मारिएन्थालमध्ये काय दिसलं

ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचं गाव होतं. अख्खं गाव एका कापड गिरणीवर जगायचं. १९२९-३० च्या मंदीत गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव एकदम घरी बसलं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल हे तिघे संशोधक आपल्या सहकाऱ्यांसह तिथे गेले, लोकांत मिसळले, कुणी दिवसभर काय केलं याचे तक्ते भरून घेतले. १९३३ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. बेकारीचा मनावर काय परिणाम होतो यावर आजही त्याचा दाखला दिला जातो.

त्यांना वाटलं होतं, काम गेलेली माणसं चिडतील, मोर्चे काढतील. दिसलं वेगळंच. माणसं मंदावली होती. खिडकीआड बसून त्यांनी रस्त्यावरून जाणाऱ्यांचा वेग मोजला. पुरुष हळू चालत होते, अधूनमधून उगाच थांबत होते. वेळच वेळ होता, तरी कामगारांच्या वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं, तेही वर्गणी माफ असताना. दुपारी काय केलं असं विचारलं तर पुरुषांना सांगता येत नव्हतं. उठणं, जेवणं आणि झोपणं एवढ्याच तीन गोष्टी ठरलेल्या वेळी व्हायच्या. बायकांचं तसं नव्हतं. चूल आणि पोरं सुटली नव्हती, त्यामुळे त्यांचा दिवस बांधलेला राहिला.

याहोडांनी पुढे याचा अर्थ मांडला. नोकरी पगार देते, शिवाय न मागता आणखी पाच गोष्टी देते: दिवसाला आकार, घराबाहेरच्या माणसांशी संबंध, अनेकांनी मिळून काही करत असल्याची जाणीव, समाजात ओळख, आणि हातांना नेमाचं काम. नोकरी नसते तेव्हा या पाचही गोष्टी एकदम जातात. पगार आपल्याला तयार करता येत नाही, पण या पाचांतल्या तीन-चार तरी करता येतात.

दिवस बांधायचा कसा

यवतमाळ, पुसद, वणीतल्या अभ्यासिकांकडे या नजरेने पाहा. कोपऱ्यात कूलरची घरघर, भिंतीवर आयोगाचं वेळापत्रक, टेबलाच्या कडेवर कुणीतरी पेनाने कोरलेलं 'पीएसआय'. घरी खोली रिकामी असताना पोरं पैसे भरून 'लायब्ररी लावतात' ती खुर्चीसाठी नव्हे. ठरलेल्या वेळी घराबाहेर पडायला जागा मिळते, शेजारी तोच अभ्यास करणारे चौघं मिळतात, गेलो नाही तर 'काल कुठी होता बे?' असं विचारणारं कुणी असतं. घरी याला उधळपट्टी म्हणत असतील तर हे त्यांना समजावून सांगण्यासारखं आहे.

मैदानाचंही तसंच. पोलीस भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची आणि लेखी १०० गुणांची. मुलांना १,६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसवर जाणाऱ्या गावात पळायचं तर पहाटे पाचलाच उठावं लागतं, आणि पाचला उठणारा रात्री दोनपर्यंत मोबाइलवर राहू शकत नाही. ज्याला पोलीस व्हायचंच नाही त्यानेही सकाळी मैदानावर जावं असं मी म्हणेन. लेखीचा अभ्यास किती झाला याबद्दल मन फसवतं. १,६०० मीटरला मागच्या महिन्यापेक्षा वीस सेकंद कमी लागली, यात फसवणूक नाही.

कास्तकाराच्या घरात आणखी एक टोचणी असते. जूनमध्ये पेरणी, मग डवरणी, ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी, दिवाळीपासून कापसाची वेचणी. वावरात माणूस मिळत नाही आणि घरचा धडधाकट पोरगा पुस्तक घेऊन बसलेला. अभ्यासही होत नाही आणि कामही. यावर तोडगा वर्षाच्या सुरुवातीला बापाशी बसून काढावा: पेरणीचे अमुक दिवस, सोंगणीचे अमुक दिवस मी वावरात पूर्ण वेळ, बाकीच्या दिवसांत मला हाक मारायची नाही. वावरातले ते दिवस वाया जात नाहीत. संध्याकाळी काय केलं ते डोळ्यांसमोर दिसतं, आणि लांबलेल्या शोधात माणूस नेमका यालाच मुकलेला असतो.

मुलींची अडचण उलटी. मारिएन्थालच्या बायकांसारखा त्यांचा दिवस बांधलेलाच असतो, पण दुसऱ्यांच्या कामाने. स्वयंपाक, भांडी, धाकट्यांचं आवरून अभ्यासाला बसायचं, संध्याकाळी सातच्या आत घरी यायचं, आणि वर 'या वर्षी नाही झालं तर स्थळ पाहू' ही मुदत. घरच्यांना खरंच मदत करायची असेल तर भाषण नको, सकाळचे चार तास तिच्या नावावर करून द्या.

रविवारी अर्धा दिवस सुट्टी ठेवावी. सुट्टी ठरवून घेतली नाही तर ती चोरून घेतली जाते, आणि चोरून घेतलेल्या सुट्टीत आराम मिळत नाही.

गुलालाचे रील आणि खरी आशा

निकाल लागला की रील सुरू होतात. उघडी जीप, गुलाल, डीजे, आईच्या डोळ्यांत पाणी. पाहून अंगावर काटा येतो, दोन तास अभ्यासाची शपथ घेतली जाते आणि त्यातला एक तास पुढचं रील पाहण्यात जातो.

गाब्रिएले ओएटिंगन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी जर्मनीत शिक्षण संपवून नोकरी शोधणाऱ्या तरुणांचा दोन वर्षं मागोवा घेतला. नोकरी मिळाल्याची गोड चित्रं जे जास्त रंगवत होते त्यांनी अर्ज कमी केले, त्यांना नोकरीचे प्रस्ताव कमी आले आणि पगारही कमी मिळाला. मागच्या अनुभवावरून 'आपल्याला जमेल' असा अंदाज बांधणाऱ्यांचं मात्र चांगलं झालं. मनात सत्कार होऊन गेला की प्रत्यक्षात तो मिळवायची निकड कमी होते, असा त्याचा अर्थ लावला जातो.

ओएटिंगन बाईंचा उपाय सोपा आहे. हवं ते चित्र जरूर पाहा, पण लगेच त्याच्या आड येणारी आपली स्वतःची एक अडचण डोळ्यांसमोर आणा. वर्दी दिसली की पाठोपाठ बुद्धिमत्ता चाचणीतले सुटत नसलेले प्रश्न दिसले पाहिजेत. वर्दीचा फोटो डीपीला लावून फिरणाऱ्यांना हे रुचणार नाही.

निकालाच्या दिवसाची तयारी

निकालाचा दिवस कसा असतो ते यातून गेलेल्यांना ठाऊक आहे. दुपारी ग्रुपवर पीडीएफ येते. साइट उघडत नाही, मग मित्राकडून मागवायची. शेकडो पानं. वरच्या चौकटीत आसन क्रमांक टाकायचा. काहीच सापडत नाही. आकडा चुकला असेल म्हणून पुन्हा टाकायचा. मग आडनाव टाकायचं. आडनावाचे चाळीस जण सापडतात, त्यांत आपण नसतो. तेवढ्यात घरून फोन.

१९८० च्या दशकात मिशिगन विद्यापीठात बेकार झालेल्यांसाठी छोटे वर्ग चालवले गेले. त्यांत मुलाखत कशी द्यायची, नोकरी कुठे शोधायची हे होतंच. शिवाय नकार आल्यावर काय कराल हे आधीच गटात बसून ठरवून घेतलं जाई. वर्गाला आलेल्यांना इतरांपेक्षा बरी कामं मिळाली आणि ज्यांना मिळाली नाहीत तेही कमी खचले.

आपल्याकडे हे असं करता येईल. निकालाची तारीख कळली की चार गोष्टी लिहून ठेवा. निकाल कुणासोबत पाहायचा (एकट्याने खोलीत बसून नाही). नाव नसेल तर घरी फोन कोण करणार आणि नेमकं काय बोलणार. त्या रात्री कुठे जेवायचं. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी कोणतं पुस्तक उघडायचं. मधले दोन दिवस रडा, चिडा, झोपा, गावाला जा. त्यांचा हिशेब मागायचा नाही. वेटिंगवर नाव असेल तर जास्त सांभाळायचं. वेटिंगचा माणूस ना इकडचा ना तिकडचा. रोज साइट उघडून पाहण्यात त्याचं वर्ष जातं. आठवड्यातून एक वार ठरवून त्याच दिवशी पाहावं.

लिहून काढणं

१९९४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक छोटा प्रयोग आहे, जेम्स पेनेबेकर आणि सहकाऱ्यांचा. अमेरिकेत डॅलसला एका कंपनीने काढून टाकलेल्या अनुभवी इंजिनिअरांपैकी काहींना त्यांनी सलग पाच दिवस, रोज वीस मिनिटं, नोकरी गेल्याबद्दल मनात जे आहे ते लिहायला सांगितलं. काही महिन्यांनी पाहिलं तर लिहिणाऱ्यांतल्या जास्त जणांना नोकरी लागली होती. मुलाखती त्यांनी जास्त दिल्या नव्हत्या. बहुधा कडवटपणा कागदावर उतरल्यामुळे तो मुलाखतीत तोंडावर आला नसावा. साठेक माणसांचा प्रयोग, त्यावर फार इमले बांधू नयेत. पण वही आणि वीस मिनिटं यापलीकडे खर्च नाही. लिहून झाल्यावर पान फाडून टाकलं तरी चालतं.

दुसरी वाट कधी धरायची

हा विषय अभ्यासिकेत काढला की लोक अस्वस्थ होतात, जणू दुसरा विचार केला म्हणजे पहिला सोडला. मला उलट वाटतं. ज्याच्याकडे दुसरं काही नाही तो परीक्षेच्या हॉलमध्ये जास्त घाबरतो.

पोलीस शिपायाला खुल्या गटात वयोमर्यादा २८, मागास प्रवर्गांना ३३. राज्यसेवेला ३८ आणि ४३. ही लांब मर्यादा उपकाराची वाटते, पण तिच्यात माणूस अडकतोही, कारण थांबायला कुणी सांगतच नाही. म्हणून थांबायचं वर्ष स्वतः ठरवावं, आणि तेही मन शांत असताना. निकालाच्या संध्याकाळी असले निर्णय घेऊ नयेत. खर्चाचाही हिशेब हवा: तलाठीसाठी शुल्क खुल्या गटाला १,००० आणि राखीव गटाला ९०० रुपये होतं, वर्षाला असे चार-पाच अर्ज, परीक्षेच्या गावाचं जाणंयेणं, मेस. दिसेल त्या जाहिरातीला अर्ज टाकण्यापेक्षा अभ्यासक्रम जुळणाऱ्या दोन-तीनच भरत्या धरलेल्या बऱ्या.

तोवर हातात काय घ्यायचं? ग्रामीण डाक सेवकाची निवड दहावीच्या गुणांवर होते, वेगळी परीक्षा नसते. दहावीला चांगले गुण असलेल्याने तो अर्ज चुकवू नये. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्याला महिन्याला ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये ठरवले होते. कार्यालयातलं काम कसं चालतं ते तिथे कळतं. पण ते प्रशिक्षण आहे, मुदत संपली की संपलं. पुढे कायम करतील या आशेवर अभ्यास सोडलेल्यांची निराशा झाली.

आणि ओळखीचं काय? मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या उपनगरात नोकरी बदललेल्यांना विचारलं, ही खबर कुणाकडून मिळाली? ओळखीतून नोकरी मिळालेल्यांतल्या बहुतेकांनी नाव घेतलं ते अधूनमधूनच किंवा क्वचित भेटणाऱ्या माणसाचं. कारण उघड आहे. रोज भेटणाऱ्या मित्राला तेवढंच माहीत असतं जेवढं आपल्याला. तेव्हा पुण्याला गेलेला शाळेतला वर्गमित्र, नागपुरात दुकान असलेला मावसभाऊ, कॉलेजचे जुने सर, यांना महिन्यातून एखादा फोन करावा. काही मागायला नको, नुसतं कळवायला. लांबलेल्या शोधात माणूस नेमका याच लोकांना टाळू लागतो, कारण 'सध्या काय?' हा प्रश्न नको असतो.

घरच्यांनी काय बोलावं

रोज 'किती अभ्यास झाला?' विचारू नये. शेजारच्याचा पोरगा लागल्याची बातमी जेवताना सांगू नये. ती त्याला आधीच कळलेली असते. पैशाचं बोलणं महिन्यातून एकदा, समोरासमोर, आकड्यांत करावं. 'तुझ्यासाठी वावर गहाण टाकलं' हे वाक्य भांडणात काढलं की परत घेता येत नाही. आणि पाहुण्यांसमोर उत्तर पोरापोरीने द्यायच्या आत आपण द्यावं: "तयारी चालू आहे, चहा घ्या."

खचणं आणि आजार

निकालानंतरचे चार दिवस वाईट जाणं स्वाभाविक आहे. पण दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही किंवा उठवतच नाही, जेवण तुटलं, आवडीचं काही आवडेना, 'माझ्यामुळे घरच्यांना त्रास' असं वारंवार तोंडी येऊ लागलं, वस्तू वाटून टाकणं, निरवानिरवीची भाषा सुरू झाली, तर हा अभ्यासाचा प्रश्न राहिलेला नाही आणि त्यावर प्रेरणादायी व्हिडिओ कामाचा नाही. या जिल्ह्याने शेतकरी आत्महत्यांपायी बरंच भोगलं आहे, आणि त्यातूनच २०१५ मध्ये सुरू झालेल्या, शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारच्या प्रेरणा प्रकल्पात यवतमाळचा समावेश झाला. मनाच्या आजारासाठी डॉक्टरकडे जाण्यात लाज नाही, हे इथल्या आशाताईंना वेगळं समजावावं लागत नाही. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. टेलिमानस ही केंद्र सरकारची फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ हा क्रमांक, फुकट, दिवसरात्र, मराठीतही बोलता येतं.

सोबतच्यांसाठीही एक सांगणं आहे. निकालानंतर एखादा मित्र दोन-तीन दिवस लायब्ररीत दिसला नाही, ग्रुपमधून बाहेर पडला, फोन उचलेना, तर मेसेजची वाट पाहत बसू नका. गाडी काढा आणि त्याच्या गावी जा. जीव द्यायचा विचार येतो का, हे त्याला सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. 'हो' म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, घरच्या एका मोठ्या माणसाला त्याच्यासमोरच सांगा आणि फोन तिथूनच लावा.